कळसाडीचं आभाळ आणि माझी लाल शाई

मी शहाद्याच्या बाजूला पहिल्यांदा गेले ती एका माणसाला खोटं पाडायला. तोरणमाळला कसं जायचं, कधी जायचं, असं विचारणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी आजवर दोन ओळींत उत्तर देऊन वाटेला लावलं आहे. आज सविस्तर लिहिते. हा प्रवास साठच्या दशकाच्या अखेरचा आहे. तेव्हा नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता आणि मी मुंबईच्या हवामान कचेरीतली चोवीस वर्षांची, स्वतःला फार हुशार समजणारी मुलगी होते.

आमच्या कचेरीत तेव्हा नुकतीच एक नवलाई आली होती. परदेशी उपग्रह रोज सकाळी डोक्यावरून जायचा, जाता जाता खालच्या ढगांचं चित्र काढायचा, आणि ते आमच्या यंत्रातून ओळी-ओळीने कागदावर उतरायचं. तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा अरबी समुद्र टेबलावर. कागद ओलसर असायचा, त्याला औषधासारखा वास यायचा. त्यावर अक्षांश-रेखांशांची जाळी ठेवायची, खंबातच्या आखाताचा कोपरा जुळवायचा आणि पांढरं दिसेल तिथे ढग म्हणून नोंद करायची. ही नोंद करणाऱ्यांत मी होते. समुद्रावर वादळ जन्माला येताना बघणं म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मी तर त्या चित्रांच्या प्रेमातच पडले होते.

त्या फाल्गुनात सातपुड्यावर सतत एक पांढरट पट्टा दिसू लागला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगले तीन आठवडे. मी इमानाने रोज 'ढग' लिहिलं. महिनाअखेर गावोगावच्या निरीक्षकांची कार्डं आली. हे निरीक्षक म्हणजे गावातली मानाची, जबाबदार माणसं. पावसाचं माप ठेवायचं आणि रोज सकाळी साडेआठला आभाळाचे आठ भाग कल्पून त्यातले किती झाकले आहेत ते लिहायचं, एवढं त्यांचं काम. शहादा तालुक्यातल्या कळसाडीचे निरीक्षक मोतीलालभाई पाटील यांनी त्या तीन आठवड्यांत रोज शून्य लिहिलं होतं. रोज म्हणजे रोज. मी लाल शाईने कार्डभर फुल्या मारल्या आणि शेरा दिला, 'निरीक्षक आभाळ न पाहता आकडे भरतात.'

साहेबांनी तो शेरा जसाच्या तसा उचलून, लाल फुल्यांचं कार्डही सोबत जोडून, मोतीलालभाईंकडे खुलासा मागितला. खुलासा समाधानकारक नसेल तर पर्जन्यमापक दुसऱ्या गावी हलवू आणि तुमच्या चौदा वर्षांच्या नोंदी हिशेबातून काढून टाकू, असंही लिहिलं. उत्तर आलं एका ओळीचं: 'ज्याने ढग पाहिला त्याने येऊन दाखवावा.'

साहेब भडकले. मी म्हटलं, "मी जाते." खरं सांगायचं तर मला राग आला होता. आईने दोन दिवस अबोला धरला, मग डब्यात गुळपोळ्या भरून दिल्या.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने सुरत आणि सकाळी सुरतेहून भुसावळकडे जाणारी पॅसेंजर. आजही तुम्ही मुंबईहून जाणार असाल तर हीच वाट धरा, फार सुरेख आहे. नवापूरच्या आसपास पळसाने नुसता कहर मांडलेला असतो. चिंचपाड्याला दवाखान्यात जाणारी बरीच माणसं उतरली आणि मला खिडकी मिळाली. समोरच्या बाकावर एक बाई टोपलीत मुठीएवढी कोंबडीची पिल्लं घेऊन बसली होती. ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. मी हसले, तीही हसली आणि तिने मला भाजलेल्या हरभऱ्याचे घाटे दिले. नंदुरबारला उतरून एसटी पकडली. भाडं रुपया-सव्वा रुपया असेल. धुळीची किंमत वेगळी. प्रकाशाला तापी ओलांडली आणि उजवी-डावीकडे जी कापसाची आणि केळीची सपाटी सुरू झाली ती शहाद्यापर्यंत संपली नाही.

कळसाडीचा छकडा शहाद्याच्या स्टँडबाहेर उभा होता. मोतीलालभाई स्वतः आले होते. पन्नाशीचे, उंच, पांढरी टोपी, धोतर स्वच्छ धुतलेलं, आणि मनगटावर घड्याळ. ते घड्याळ ते दर थोड्या वेळाने बघत. मुंबईहून साहेब येणार म्हणून आले आणि बघतात तर वेणीवाली मुलगी. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"या बेन," ते म्हणाले. "जेवन तयार शे. खुलासा जेवानंतर."

हे गुजर कुटुंब. घरात आपापसात गुजरी बोलत, गड्यामाणसांशी आणि माझ्याशी अहिराणी, आणि कचेरीला पत्र लिहायचं झालं की शाळेतली मराठी. त्यांच्या पत्नी जमनाबेन यांनी मला पाटावर बसवलं आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेली भाकरी, उडदाची डाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. वरून कच्चं तेल. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी त्यांनी न विचारता ताटात टाकली. खानदेशात जाणार असाल तर 'पुरे' हा शब्द घरी ठेवून जा.

"पोस्टमननी पत्र चावडीवर वाचं," जमनाबेन एकदम म्हणाल्या. "सगया गावनी ऐकं. तव्हयपाशी ह्या चावडीवर जात नहीत."

मोतीभाई म्हणाले, "राहू दे." पण मला कळलं. गावात कचेरीचं लांब पाकीट आलं की पोस्टमनने ते मोठ्याने वाचायचं, ही तिथली रीतच होती. निम्म्यांना वाचता येत नव्हतं आणि उरलेल्यांना ऐकायला आवडायचं. चौदा वर्षं ज्या माणसाला लोक शेतात पेरणीआधी 'आभाय काय म्हनस' म्हणून विचारायचे, तो आभाळ न बघता आकडे भरतो, हे सगळ्या गावाने ऐकलं होतं. शेवटचा तुकडा मी ताटातच फिरवत राहिले. पण मी स्वतःला सांगितलं की चित्र खोटं बोलत नाही.

लाल शाई माझी होती, हे मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठलाच मोतीभाई वाड्याबाहेरच्या मोकळ्या जागेत उभे होते. पर्जन्यमापकाभोवती काट्यांचं कुंपण, आत जमीन सारवलेली. माप इतकं चकचकीत की मी त्यात तोंड बघितलं असतं. आमच्या नियमांत लिहिलेली एकूण एक गोष्ट तिथे होती. मला उगीचच चीड आली, कारण मला काहीतरी चूक सापडायला हवी होती.

बरोबर साडेआठला त्यांनी मान वर केली आणि सावकाश चारही दिशांना फिरले. घाई नाही. मग मला म्हणाले, "आते तुम्ही देखा. कोठे दिखस का ढग?"

मी पाहिलं. निळं, स्वच्छ, कोरं आभाळ. एक घार तेवढी होती.

"शून्य," मी म्हटलं.

"लिखा मंग. तुम्हनाच हातनी लिखा."

मी रजिस्टरमध्ये शून्य लिहिलं आणि सही केली. आज ढग नसेल, तेव्हा असेल, असं मनाशी म्हटलं. निघण्यापूर्वी मी कचेरीतल्या लीलाला बजावून ठेवलं होतं की त्या सकाळच्या चित्रात सातपुड्यावर काय दिसतं ते शहाद्याच्या पोस्टात तारेने कळव. आभाळ कोरं म्हणजे त्या दिवशी चित्रातही पट्टा नसणार, आणि माझा मुद्दा पक्का होणार.

दुपारी छकड्याने लोणखेड्यावरून शहाद्याला गेलो. तार आलेली होती. इंग्रजीत चार शब्द. मी ती दोनदा वाचली आणि मोतीभाईंना मराठीत सांगितली: "पांढरा पट्टा नेहमीसारखाच आहे."

मोतीभाईंनी तार हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग मिशीतल्या मिशीत हसले. "बेन, आते तुम्हनं कार्डबी लाल व्हई."

मला हसू आलं नाही. मी स्वतःच्या डोळ्यांनी शून्य पाहिलं होतं, सही करून आले होते. जाळी चुकली म्हणावं तर आखाताचा कोपरा मी रोज तपासत होते, आणि लीला माझ्याहून काटेकोर. मी पोस्टाच्या पायरीवर बसले आणि डोकं धरलं.

"पट्टा कोनता बाजूले शे?" मोतीभाईंनी विचारलं.

"उत्तरेला. डोंगरावर."

त्यांनी उत्तरेकडे हात केला. "डोंगर दिखतस का तुमले?"

दिसत नव्हते. थंडीत शहाद्याहून सातपुड्याची रांग स्पष्ट दिसते, हे मला पुढे कळलं. तेव्हा तिथे नुसता धुरकट पडदा होता.

"तो मोहाना धूर शे," ते म्हणाले. "दर साल व्हस."

मी मान हलवली. धूर चुलीचा असतो, शेकोटीचा असतो. शेकडो मैलांवरून दिसणारा पट्टा धुराचा असणं शक्य नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, हे आठवून आजही मला ओशाळायला होतं. ते शांतपणे ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "मंग चाला. वर जाईसन देखू. तुम्हना उपग्रह वरथीन देखस, आपुनबी वरथीन देखू."

घरी परतल्यावर जमनाबेन म्हणाल्या, "बेन एकली कसी जाई? मीबी येस." आणि त्याही निघाल्या. पन्नास वर्षं डोंगर समोर होता, पण वर कधी गेल्या नव्हत्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि तीन कांबळी एवढा जामानिमा त्यांनी तासाभरात बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडं आणायला वर जाणारा एक रिकामा ट्रक म्हसावदला मिळाला. जमनाबेन आणि मी ड्रायव्हरशेजारी, मोतीभाई मागे. राणीपूर मागे पडलं आणि घाट लागला. त्या रस्त्याला रस्ता म्हणणं ही ड्रायव्हरची भलमनसाई. दोन वळणांवर ट्रक मागे घेऊन मग पुढे काढावा लागला आणि जमनाबेननी त्या वेळात तीन देवांना नवस बोलून टाकले. एका चढावर ट्रकने मान टाकली, तिथून पुढे चालत. आता रस्ता डांबरी आहे, शहाद्याहून बस जाते. तरी घाट दिवसाउजेडीच चढा आणि पोटात फार काही भरून चढू नका.

चालताना वास यायला लागला. गोडसर, आंबूस, आणि त्यात जळक्या पानांचा. वळणावर मोहाचं एक मोठं झाड होतं, पान एकही नाही, शेंड्यांना फुलांचे झुबके. बुंध्याभोवतीची जमीन काळी, नुकती जळलेली. एक पावरा आदिवासी बाई खाली वाकून काहीतरी वेचत होती. मोतीभाईंना बघून ती ताठ झाली आणि हसली. ती रुमलीबाई. दर हिवाळ्यात कापूस वेचायला कळसाडीला यायची, जमनाबेनची चांगली ओळखीची. तिची भाषा पावरी. ती बोलायची, जमनाबेन मला अहिराणीत सांगायच्या, आणि मी मनात मराठी करायची.

मोहाचं फूल पहाटे गळतं. खाली पानांचा गुडघाभर थर असला तर फूल त्यात हरवतं, कुजतं, साप-विंचूही असतात. म्हणून मोह गळायच्या दिवसांत प्रत्येक घर आपापल्या झाडांखालची पानं ओढून संध्याकाळी पेटवतं. सकाळी राखेवर पिवळी फुलं मोत्यासारखी उठून दिसतात. आग पसरू नये म्हणून भोवती झाडून पट्टा करतात. सगळेच करतात का, असं मी विचारलं. रुमलीबाई हसली आणि लांबवर जळून काळ्या झालेल्या एका उताराकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली.

"आळशी लोक सगया गावमा ऱ्हातस," जमनाबेननी भाषांतर केलं.

"असं किती घरं करतात?" मी विचारलं.

रुमलीबाईने हात फिरवला. समोरचा डोंगर, मागचा डोंगर, त्याच्यामागचा. नर्मदेपर्यंत सगळे.

मी हिशेब करायला लागले. एक झाड, एक ढीग पानं, असं नव्हतं ते. अख्खा सातपुडा एकाच संध्याकाळी पानं पेटवत होता आणि गेले कित्येक आठवडे रोज पेटवत आला होता. माझी खात्री डळमळायला लागली, पण मी अजून तोंडाने कबूल केलं नव्हतं. रुमलीबाईने मूठभर फुलं हातावर ठेवली. खाऊन बघा कधी. पहिली दोन छान लागतात, तिसरीला जीभ बधिर होते.

तोरणमाळच्या विश्रामगृहात खोली मिळाली. जमनाबेन कॉटवर झोपायला तयार नव्हत्या, म्हणून आम्ही दोघी खाली कांबळीवर झोपलो. वर चांगलीच थंडी होती.

सकाळी आठच्या सुमाराला आम्ही तिघं सीताखाईच्या कड्यावर गेलो. वर आभाळ तेच, निळं, कोरं. मी कड्याजवळ जाऊन खाली पाहिलं आणि न ठरवता माझ्या तोंडून निघून गेलं, "अगबाई, ढग खाली उतरलेत."

दरी दिसतच नव्हती. खाली दूरपर्यंत पांढरं पसरलं होतं, डोंगरांच्या कडांपर्यंत भरलेलं, वरून सपाट, त्यातून एखाददुसरा सुळका बाहेर आलेला. ऊन पडून ते चमकत होतं. मी रोज कागदावर बघत होते ते हेच. हाच रंग, हाच आकार, डोंगराच्या घड्यांत शिरलेली हीच बोटं. रात्रीच्या थंड हवेने धूर दऱ्यांत दाबून धरला होता, आणि उपग्रह वरून जायची वेळ नेमकी हीच, सकाळची.

मोतीभाई माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "वास ल्या," ते म्हणाले.

मी श्वास घेतला. जळकी पानं.

तिथे मला रडू आलं. थकव्याने असेल, पण शरमेनेही. मी तिथल्या दगडावर बसले आणि म्हटलं, "मोतीभाई, कार्डावरची लाल शाई माझी होती. तो शेराही माझाच होता. साहेबांनी फक्त सही केली."

जमनाबेननी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्या मान फिरवण्याचं मला सगळ्यात जास्त लागलं. आम्ही परत फिरलो, अर्धा घाट चालत उतरलो, लाकडं भरलेला ट्रक गाठला, राणीपूरला येऊन एका झाडाखाली दशम्या सोडल्या. तोवर एक अक्षर नाही.

मग मोतीभाई बोलले. आवाज चढला नव्हता. "चौदा साल झायात, बेन. मन्ही पोरनं लगीन व्हतं. हयद लागेल व्हती, पाव्हना दारमा. साडेआठ वाजनात आनि मी मांडवमाईन बाहेर उनू. आभाय देखं, लिखं, मंग परत गऊ. लोक हसनात. एक दिनबी मी न देखता लिखं नही."

"पण धूर तुम्ही लिहिला का नाही?" मी विचारलं. ही तक्रार नव्हती, मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुम्हना कागदवर ढग लिखेल शे. ढग किती, पानी किती. धूर कोनी इचारा?"

आम्ही छापलेल्या रकान्यात जे नव्हतं ते त्यांच्या लेखी आम्हाला नकोच होतं. आणि मोहाच्या दिवसांत डोंगरात धूर असतो, हे शहाद्यात शेंबड्या पोराला माहीत. जे सगळ्यांना माहीत ते कोण कशाला लिहून ठेवील?

"खुलासा आता मी देते," मी म्हटलं.

"लिखीसन द्या," ते म्हणाले. "आनि चावडीवर वाचा. पहिलं पत्र तठेच वाचं व्हतं."

त्या संध्याकाळी कळसाडीला पोचल्यावर मी त्यांच्या पडवीत बसून पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. पहिल्यात मी फार कारणं दिली होती, दुसऱ्यात उपग्रहाचंच कौतुक जास्त झालं होतं, तिसऱ्यात रडगाणं. चौथं पाच ओळींचं झालं. सकाळी पोस्टमन आला तेव्हा मोतीभाई बऱ्याच दिवसांनी चावडीवर गेले आणि मी त्यांच्या मागे. पंधरा-वीस माणसं होती, बायका ओट्यांवर. पोस्टमन पत्र घ्यायला पुढे झाला, मी म्हटलं, मी वाचते.

'कळसाडीचे निरीक्षक श्री. मोतीलालभाई यांनी लिहिलेलं आभाळ बरोबर आहे. उपग्रहाच्या चित्रात जे पांढरं दिसलं तो मोहाच्या पानांचा धूर होता. त्याला ढग मी म्हटलं. मी न येता, न विचारता त्यांच्या नोंदींवर शेरा मारला. ती चूक माझी आहे आणि मी त्यांची माफी मागते.'

मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे मुंबईवाली चुकनी का?"

"हां काका," मी म्हटलं. "मुंबईवाली चुकली."

लोक हसले, पण त्या हसण्यात डंख नव्हता. पोस्टमनने माझ्या हातातून कागद घेतला, आणि मला वाटतं त्यालाही काहीतरी फेडायचं होतं, कारण त्याने तो पहिल्यापासून पुन्हा एकदा, माझ्याहून बऱ्याच मोठ्या आवाजात वाचून काढला. मोतीभाईंनी पत्र घडी करून रजिस्टरमध्ये ठेवलं. जमनाबेननी निघताना माझ्या पिशवीत पापडांची चवड कोंबली आणि म्हणाल्या, "पुढला साल ये. अधिकारी व्हईसन नको येऊ."

मुंबईला साहेबांनी मला उभं केलं. "कचेरीच्या वतीने माफी मागायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"कचेरीच्या वतीने नाही, सर. माझ्या वतीने मागितली."

त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं. आमचा चित्रांवरचा पहिला अहवाल छपाईला जायच्या बेतात होता, त्यातला सातपुड्याचा सगळा भाग रद्द करावा लागला. माझी दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. साहेब महिनाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. पण पर्जन्यमापक कळसाडीलाच राहिला, चौदा वर्षांच्या नोंदी राहिल्या, आणि पुढच्या छपाईत कार्डावर एक रकाना वाढला: धूर. मोतीभाई आणि त्या भागातले आणखी काही निरीक्षक मोहाच्या दिवसांत रोज वेगळं कार्ड पाठवू लागले. ती कार्डं आणि ती चित्रं शेजारी ठेवली की सातपुड्यात मोह कधी गळायला लागला, कुठल्या बाजूने आधी पेटलं, कुठे आग हाताबाहेर गेली, हे टेबलावर बसून कळायला लागलं. म्हणजे जे चित्र मी ढगांचं समजत होते ते जंगलाची तब्येतही सांगत होतं, फक्त ते वाचायला कळसाडीची मदत लागत होती. आता नवे उपग्रह धूर आणि ढग चुटकीसरशी वेगळे करतात. पाण्यातली शेवाळं मोजतात, जंगल कुठे वाळतंय ते रंगांत दाखवतात. मी या वयातही ती चित्रं मोबाईलवर बघते आणि मला मनापासून आनंद होतो. आमच्या वेळचंच खरं, असं मी अजिबात म्हणणार नाही.

पण एक सांगते. पुढच्या फाल्गुनात सातपुड्यावर पुन्हा पांढरा पट्टा उमटला. सगळी कचेरी माझ्याकडे बघून म्हणाली, आला तुझा धूर. साहेब स्वतः म्हणाले, "लिहून टाक, तुला तर आता डोळे मिटून कळायला हवं." मलाही तसंच वाटत होतं. मी 'धूर' लिहिणार होते. तरी कार्ड येईपर्यंत थांबले.

तिसऱ्या दिवशी कार्ड आलं. 'सकाळी साडेआठ. ढग आठपैकी सहा. धूर नाही. यंदा मोह उशिरा आहे, अजून एक फूल गळलेलं नाही. दुपारी दोन वाजता गारा, सुपारीएवढ्या, पंधरा मिनिटं. माप सोबत.' सगळं शाळेतल्या मराठीत, वळणदार अक्षरात, ज्याच्या त्याच्या रकान्यात. आणि सगळ्यात खाली, कागदाच्या कडेला, जिथे कसलाही रकाना नव्हता तिथे बारीक लिहिलं होतं: 'मन्ही सगयी केळी गई, बेन.'

मी चित्रावर 'ढग' लिहिलं. मग कोरा कागद घेतला आणि मोतीभाईंना पत्र लिहायला बसले. चांगलं चार पानांचं झालं, आणि त्यात हवामानाबद्दल एक शब्दही नव्हता.